बाग नको, पण कुत्रे आवर!

(एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

'भीक नको, पण कुत्रे आवर' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली असते. परीक्षेत तिचा अर्थ लिहायचा, वाक्यात उपयोग करून दाखवायचा, दोन गुण पदरात पाडून घ्यायचे आणि विसरून जायचे. मीही विसरले होते. गेल्या वर्षभरात मात्र ती मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली, आणि शाळेत कोणी न सांगितलेल्या दोन गोष्टी तिच्यात दिसू लागल्या. पहिली अशी की, दारात आलेला माणूस कुत्र्याशी बोलत नाही, तो घरधन्याशी बोलतो. आवरायचे ते घरधन्याने, ही गोष्ट त्याने गृहीतच धरलेली असते. दुसरी अशी की, तो भांडत नाही. ज्यासाठी तो आला तेच तो सोडून देतो आणि निघून जातो.

सार्वजनिक बागेत कुत्री आणावीत की आणू नयेत, आणली तर कशी आणावीत, या प्रश्नावर मला जे म्हणायचे आहे ते जवळजवळ सगळे या म्हणीत आले आहे. तरीही ही चार पाने लिहिते आहे, कारण आमच्या बागेतल्या प्रकरणात घरधनी मीच होते.

आमचा मोत्या गावठी आहे. तीन वर्षांपूर्वी भर पावसात एस. टी. स्टँडच्या मागे भिजत पडलेले पिल्लू माझ्या धाकट्या भावाने शाळेच्या दप्तरात घालून घरी आणले. आईने आठ दिवस त्याच्याकडे पाहिले नाही. नवव्या दिवशी तीच त्याला दुधात भाकरी कुस्करून घालू लागली. पुढची कथा वाचकांपैकी निम्म्यांच्या घरी घडलेली असेल, म्हणून सांगत नाही. इतकेच सांगते की मोत्या आमच्या घरातला झाला, आणि घरातल्या माणसाचे दोष जसे आपल्याला दिसेनासे होतात तसे त्याचेही झाले.

घरामागे नगरपालिकेची बाग आहे. बाग म्हणजे फार काही नाही. एक कारंजे आहे, ते मी कळती झाल्यापासून बंद आहे. दोन घसरगुंड्या, चार झोपाळे, त्यांपैकी एकाची साखळी तुटलेली. कडुनिंबाखाली सिमेंटची बाके, त्यांवर कोणाकोणाच्या स्मरणार्थ दिलेली नावे. पण सकाळी सहापासून साडेसातपर्यंत ही बाग भरलेली असते. निवृत्त मंडळींचा कट्टा, हातवारे करून मोठमोठ्याने हसणारा हास्यक्लब, साडीवर बूट घालून भराभर चालणाऱ्या काकू, मधुमेहाच्या धाकाने फेऱ्या मोजणारे काका. एका कोपऱ्यात पत्र्याच्या खोलीत बागेचे माळी राहतात. त्यांना सगळे मामा म्हणतात. ते रोजंदारीवर आहेत.

मी रोज सहाच्या सुमारास मोत्याला घेऊन जाई आणि फाटकातून आत शिरताच त्याची साखळी सोडून देई. घरात बिचारा दिवसभर बांधलेला असतो, त्याला धावू दे की जरा, असा माझा विचार. मोत्या धावे, आणि ज्याच्या त्याच्या अंगावर जाई. माणूस दचकला, दोन पावले मागे सरला की मी लांबूनच हसत ओरडे, "घाबरू नका, तो काही करत नाही!"

या वाक्याइतके निरर्थक वाक्य मराठीत दुसरे नसेल. कुत्रा पाळणारा प्रत्येक जण ते म्हणतो आणि कुत्र्याला भिणारा एकही जण त्याने निर्धास्त होत नाही. होणार कसा? मोत्याला मी तीन वर्षे ओळखत होते. समोरचा माणूस त्याला तीन सेकंद ओळखत होता. शिवाय त्या वाक्यात छुपा आरोपही असतो. तो काही करत नाही, म्हणजे तुम्ही उगाच भिता. म्हणजे दोष तुमचा. भीती ही काही वादविवाद स्पर्धेत हरवून घालवायची वस्तू नव्हे. कोणाला पाण्याची वाटते, कोणाला उंचीची, कोणाला लहानपणी चावलेल्या कुत्र्याची.

एक निवृत्त मास्तर काठी टेकत यायचे. मोत्या काठीशी खेळायला जायचा. काही दिवसांनी मास्तर पलीकडच्या वाटेने फिरू लागले, मग साडेसातनंतर येऊ लागले, मग दिसेनासे झाले. एक बाई कडेवरच्या नातवाला घेऊन येत, त्याही येईनाशा झाल्या. मला वाटले, थंडी वाढली असेल. यांपैकी कोणी माझ्याशी भांडले असते तर कदाचित माझे डोळे उघडले असते, पण म्हणीतल्या माणसासारखेच ते मुकाट्याने निघून गेले.

गेल्या जानेवारीत एका सकाळी मामांची मुलगी खोलीतून बाहेर आली. सात वर्षांची, दुसरीत आहे. थंडीने कुडकुडत ती कोपऱ्यातल्या नळाकडे पळाली. पळणारे काहीही दिसले की कुत्रा मागे लागतो, हा त्याचा स्वभाव. मोत्या मागे लागला. ती किंचाळली, तिने आणखी वेग घेतला, अडखळून पडली, आणि मी पोचेपर्यंत तिच्या पोटरीतून रक्त येत होते.

मोत्या चावला म्हणावे की खेळता खेळता त्याचा दात लागला म्हणावे, यावर आमच्या घरी नंतर बरीच चर्चा झाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना त्या चर्चेत काडीचा रस नव्हता. कातडी फाटून रक्त आले होते, त्यांच्या दृष्टीने विषय तिथेच संपला.

त्याआधी बागेत काय झाले तेही सांगायला हवे. मुलीची आई धावत आली, तिच्या मुठीत तिखटाची पूड होती. कुत्रे चावले की जखमेवर तिखट, हळद किंवा चुना भरायचा, ही आपल्याकडची पिढ्यानपिढ्यांची रीत. मला विचाराल तर मी, पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, नुसती उभी होते. फेऱ्या मारणाऱ्यांत एक जुने कंपाउंडर होते, त्यांनी त्या माऊलीचा हात धरला आणि मुलीला नळाखाली बसवले. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवायची, वर काही भरायचे नाही, घट्ट बांधायची नाही आणि तडक दवाखाना गाठायचा. हे वाचून कोणाच्या लक्षात राहिले तर या लेखाचा तेवढा तरी उपयोग झाला असे मी म्हणेन.

डॉक्टरांनी मला तीन प्रश्न विचारले. कुत्रे कोणाचे? लस टोचली आहे का? शेवटची कधी? पहिल्या दोहोंची उत्तरे मी झटकन दिली. तिसऱ्यासाठी घरी येऊन पत्र्याच्या डब्यातले कार्ड शोधावे लागले. पुढच्या लशीची तारीख उलटून पाच महिने झाले होते. परीक्षा होती, मग दिवाळी होती, मग भावाला डेंग्यू झाला. कारणे खरी होती, पण जंतूंना कारणे समजत नाहीत.

रेबीजविषयी आपण सगळे ऐकून असतो, पण एक गोष्ट नीट माहीत नसते. चावल्यानंतर लस घ्यायला वेळ असतो, म्हणून रोग टाळता येतो. एकदा का लक्षणे दिसू लागली, की त्यावर खात्रीचा इलाज आजही नाही. माणूस जवळजवळ नक्की दगावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात, आणि माणसाला तो होतो तो बहुतेक वेळा कुत्र्यामुळेच. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचायला सुरुवात केली, त्याला १४० वर्षे होऊन गेली. उपाय इतका जुना, आणि तरी मरणाऱ्यांत मुलांचा वाटा मोठा, कारण मूल घाबरून घरी सांगत नाही.

आमच्या वडिलांच्या लहानपणी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, त्या धाकाने मुले कुत्र्याच्या वाटेला जात नसत. आता ती दंडात घेतात. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर जखमेतच वेगळे सीरमही भरावे लागते. ते आमच्याकडच्या दवाखान्यात त्या दिवशी नव्हते. मामा मुलीला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. वडिलांनी गाडी करून दिली, मी बरोबर गेले. सीरमची सुई जखमेत शिरली तेव्हा त्या पोरीने फोडलेला हंबरडा दवाखान्याच्या फाटकापर्यंत ऐकू आला असेल. मामांचे दोन दिवसांचे काम बुडाले. वडिलांनी पैसे पुढे केले तर त्यांनी त्या दोन दिवसांची मजुरी तेवढी मोजून घेतली आणि उरलेले परत केले.

आणि मग ते दहा दिवस.

चावलेले कुत्रे पाळीव असेल तर त्याला दहा दिवस बांधून ठेवून त्याच्यावर नजर ठेवतात. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असतील तर या मुदतीत ते आजारी पडते आणि मरते. धडधाकट राहिले, तर त्या चाव्यातून रोग झाला नाही असे धरतात. दहा दिवस मी अंगणात मोत्यासमोर बसून त्याचे खाणेपिणे पाहत होते. पिसाळलेले कुत्रे पाण्याला भिते अशी आपली समजूत आहे. वस्तुतः पाण्याची धास्ती घेतो तो माणूस. कुत्र्यात ते लक्षण दिसेलच असे नाही. पण हे मला नंतर कळले. तेव्हा तो पाण्याच्या भांड्याकडे वळला की माझा श्वास खाली येई, आणि नुसते हुंगून परतला की पोटात गोळा उठे.

रोज संध्याकाळी काम संपवून मामा आमच्या कुंपणापाशी येत. आत येत नसत. "जेवला का?" एवढेच विचारीत. "जेवला, मामा," मी सांगे. ते मोत्याकडे थोडा वेळ पाहत आणि जात. ज्याच्या मुलीला माझे कुत्रे चावले, तो माणूस रोज माझे कुत्रे जेवले का म्हणून विचारायला येई. त्यांना मोत्याची काळजी नव्हती, हे मला कळत होते. अकराव्या दिवशी ते आलेच नाहीत. मुलीने पुढची इंजेक्शनेही पुरी केली.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर ग्रंथालयात बसून पाहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ असे आहे : आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून कोणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी जो जाणूनबुजून किंवा हयगयीने घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही काही नवी कल्पना नव्हे. १८६० च्या दंड संहितेत हेच कलम २८९ क्रमांकाने होते, दंड तेवढा एक हजार होता. कलमात कुत्र्याचे नावही नाही. कलम बोलते ते ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्या माणसाशी. आमच्या म्हणीने हे इंग्रजांच्या कितीतरी आधी सांगून ठेवले होते, असे म्हणायचा मोह होतो. पण म्हणीचे वय मला ठाऊक नाही, तेव्हा तो आवरते.

मामा पोलिसांत गेले नाहीत. गेले असते तर तक्रारीत माझेच नाव आले असते, आणि ते योग्यच झाले असते.

त्याऐवजी झाले ते असे. महिनाभरात बागेच्या फाटकावर निळी पाटी लागली : 'कुत्र्यांना प्रवेश नाही'. बहुतेक गावांच्या बागांवर ती असते. आमच्याकडे नव्हती, आता आली. पाटी लागली म्हणून मला राग आला असे नाही. तो अधिकार मी गमावला होता. पण हळूहळू ध्यानात येऊ लागले की, या पाटीने कोणाचेच भले झालेले नाही.

ज्यांच्याकडे कुत्री आहेत ती मंडळी काही कुत्री सोडून देणार नाहीत. ती आता सकाळी रस्त्यावर फिरतात. आमच्या बागेभोवतीचा रस्ता म्हणजे तीन शाळांचा रस्ता. बागेत जी भीती एका कुंपणाच्या आत होती ती आता रिक्षा, सायकली आणि दप्तरे यांच्यामध्ये आली. काहींनी फिरवणेच सोडले. दिवसभर गॅलरीत बांधलेले कुत्रे रात्रभर भुंकते आणि शेजारी हैराण होतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या सूचनांत हीच गोष्ट सांगितली आहे, की बागेत सरसकट बंदी घालण्यापेक्षा वेळा ठरवून द्याव्यात. ज्या कुत्र्याला व्यायाम मिळतो ते कमी त्रास देते. मंडळाने कुत्रेवाल्यांची बाजू घेतली असे कोणाला वाटेल. पण त्याच सूचनांत कुत्रा साखळीत ठेवा आणि त्याची घाण साफ करा, असेही मालकाला सांगितले आहे. हा भाग आम्ही कुत्रेवाले सोयीस्करपणे वाचत नाही.

वेळा वाटून घेण्याची कल्पना हवेतली नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसारख्या बागांत कुत्रा सहा फुटांपेक्षा लांब नसलेल्या दोरीनेच न्यावा लागतो. मात्र ठरवून दिलेल्या काही भागांत बाग उघडल्यापासून सकाळी नऊपर्यंत आणि रात्री नऊनंतर तो मोकळा सोडता येतो. वर्षानुवर्षे चाललेल्या या वहिवाटीला तिथल्या उद्यान खात्याने २००७ मध्ये रीतसर नियमाचे रूप दिले. लहान मुले यायच्या आत कुत्र्यांचा तास संपतो. आपल्याकडे हैदराबादच्या महापालिकेने २०१८ मध्ये कोंडापूर भागात खास कुत्र्यांसाठी बागच उघडली. प्रत्येक गावाला हे परवडणार नाही, हे मीही जाणते. आमच्या नगरपालिकेला कारंजे दुरुस्त करता येत नाही, ती कुत्र्यांची बाग काय उघडणार! पण घड्याळ तर तिच्याकडे आहे.

आता घाणीविषयी. हा भाग टाळून पुढे जावे असे फार वाटते, कारण वार्षिक अंकात असले विषय शोभत नाहीत. परंतु कुत्रे पाळणाऱ्याची खरी परीक्षा इथेच होते. न्यूयॉर्कमध्ये १ ऑगस्ट १९७८ पासून आपल्या कुत्र्याची विष्ठा रस्त्यावरून मालकानेच उचलावी असा कायदा आला. तेव्हा तिथेही लोक हसले, हे कोण करणार म्हणाले. आणि मग करू लागले. आपल्याकडे हे अवघड का जाते? कागदाचा तुकडा आणि एक पिशवी एवढाच तर खर्च. मला वाटते अडचण पिशवीची नाही. घाण करायची आपण आणि उचलायची दुसऱ्या कोणीतरी, हे शतकानुशतके आपल्या हाडीमांसी खिळले आहे, आणि तो 'दुसरा कोणीतरी' कोणत्या वस्तीतून येतो हेही आपल्याला पक्के ठाऊक असते. आमच्या बागेत सकाळी झाडायला दोन बाया येत. मोत्याने जे केले ते त्या सुपलीत भरत. मी त्या वेळी हास्यक्लबच्या कोपऱ्यात उभी राहून मोबाइल पाहत असे. समतेवर वर्गात मी चांगले निबंध लिहिले आहेत.

राज्यशास्त्राच्या तासाला मूलभूत कर्तव्ये शिकलो. घटनेतले कलम ५१-क, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलेले. त्यात सजीव प्राण्यांविषयी दयाभाव बाळगावा, असे कर्तव्य आहे, आणि प्राणिप्रेमी ते नेहमी उद्धृत करतात. त्याच कलमात आणखी खाली सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण करावे असेही आहे. ते उद्धृत करताना मी कोणाला ऐकले नाही. बाग ही सार्वजनिक मालमत्ताच नव्हे काय? तिच्यावर आपल्या कुत्र्याचा जेवढा हक्क, तेवढाच मास्तरांच्या काठीचा.

याचे टोकाचे उदाहरण २०२२ च्या मे महिन्यात दिल्लीत पाहायला मिळाले. त्यागराज स्टेडियममध्ये सराव करणाऱ्या खेळाडूंनी आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी तक्रार केली, की एका सनदी अधिकाऱ्याला तिथे कुत्रे फिरवता यावे म्हणून आम्हांला संध्याकाळी लवकर बाहेर काढले जाते. अधिकाऱ्याने आरोप नाकारला. पण कुत्र्यासह धावपट्टीवर फिरतानाचे छायाचित्र छापून आले होते, आणि सरकारने नवऱ्याला लडाखला तर बायकोला अरुणाचल प्रदेशला धाडले. सगळा देश हसला. मीही हसले होते. तेव्हा माझ्या मनातही आले नाही, की सनदी अधिकाऱ्याने जे स्टेडियममध्ये केले म्हणतात ते पुढे मी नगरपालिकेच्या बागेत रोज सकाळी करणार आहे. मी कोणाला बाहेर काढले नाही, हे खरे. ते आपणहून गेले.

एका गोष्टीची मात्र चीड येते. असा काही प्रकार घडला की सरकारचे पहिले पाऊल कुत्र्याच्या दिशेने पडते, मालकाच्या नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींवर बंदी घालण्याचे परिपत्रक काढले. पुढच्याच महिन्यात ते न्यायालयांत टिकले नाही, ते निराळे. पण समजा टिकले असते. तरी आमचा मोत्या त्या यादीत कुठे होता? मुंबईत तर १८३२ साली कुत्र्यांवरून दंगल झाली होती. मोकाट कुत्री मारणाऱ्याला सरकार दर कुत्र्यामागे आठ आणे देई. बक्षिसाच्या लोभाने घरची पाळलेली कुत्रीही उचलली जातात असा लोकांचा आरोप होता. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व, तेव्हा ६ जूनला पारशी रस्त्यावर आले. मला या इतिहासातला एक व्यावहारिक प्रश्न महत्त्वाचा वाटतो : पाळलेले कुत्रे कोणते आणि मोकाट कोणते, हे ओळखायचे कसे? पुण्या-मुंबईसारख्या महापालिकांत कुत्रे पाळायला परवाना लागतो. आपल्यापैकी किती जणांनी तो काढला आहे? परवाना म्हणजे आणखी एक सरकारी कागद, असे मीही म्हणत होते. पण त्या कागदासाठी लशीचा दाखला मागतात. आमच्या गावात तशी सक्ती असती, तर माझ्या कार्डावरची तारीख पाच महिने उलटली नसती.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न मी इथे मुद्दामच बाजूला ठेवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीपुरता एक आदेश दिला, अकरा दिवसांत तो बदलला. नोव्हेंबरमध्ये शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, एस. टी. स्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवण्याचा आणखी एक दिला. त्यावर आमच्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावर इतकी भांडणे झाली की दोन मैत्रिणी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. इथे एवढेच म्हणते : हौस फिटली म्हणून गाडीत घालून गावाबाहेर सोडलेले कुत्रे आणि नसबंदी न केलेल्या पाळीव कुत्रीची 'वाटून टाकलेली' पिल्ले, हीसुद्धा उद्याची मोकाट कुत्रीच आहेत. आणि जे दयाळू लोक बागेच्या फाटकाशीच बिस्किटांचा पुडा फोडतात, त्यांनी प्राणी जन्म नियंत्रणाचे २०२३ चे नियम वाचावेत. खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर असावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही आठ-दहा कुत्रेवाल्यांनी नगरपालिकेला अर्ज केला. सकाळी साडेपाच ते साडेसहा हा एक तास, फक्त कारंज्यामागच्या भागात, कुत्र्यांना प्रवेश मिळावा. प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला साखळी आणि साखळी मोठ्या माणसाच्या हातात. लशीच्या कार्डाची प्रत नगरपालिकेकडे. घाण ज्याची त्याने उचलायची. नियम मोडणाऱ्याला दंड, आणि दुसऱ्यांदा मोडला तर बागेत बंदी. दंडाचे कलम आमच्यापैकी दोघांना नको होते. मी अडून बसले. दंड नसलेला नियम म्हणजे सुविचार, आणि सुविचार बागेत पुष्कळ रंगवलेले आहेत.

अर्जावर बागेत येणाऱ्या इतरांच्याही सह्या असाव्यात असे ठरले, म्हणून मी घरोघर फिरले. निवृत्त मास्तरांच्या घरी गेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि सही केली नाही. "साडेसहानंतर एकही कुत्रा दिसला नाही, असा महिना जाऊ दे. मग ये," म्हणाले. यावर मला काही बोलता आले नाही.

शेवटी मामांच्या खोलीवर गेले. मुलगी दारात बसून पाढे म्हणत होती. मला पाहून तिने आधी माझ्या मागे पाहिले. "एकटीच आलेय गं," मी म्हटले. मामांनी अर्ज हातात घेतला, मुलीला वाचायला दिला, तिने अडखळत अर्धा वाचला. मग त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतले.

"साखळी असंल तर माझी ना नाही, ताई," ते म्हणाले. "पण आत याच्या आधी फाटकातून हाक मारत जावा. पोरगी नळावर असती त्या टायमाला."